चौतीस काजळे

लोक आपल्याला बादबाई म्हणतात हे बादबाईंना माहीत होतं. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. त्यांचं म्हणणं एवढंच, की या मंडळींनी आयुष्यात एक तरी नाव बरोबर ठेवलं. नाहीतर यांना घरातल्या कुत्र्याला धड नाव ठेवता येत नाही आणि निघालेत दिव्यावरचे पतंग ओळखायला.

अठ्ठावीस वर्षं त्या चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसल्या होत्या. भिंग उचलायचं, दिव्यासमोर धरायचं, जरा तिरपं करायचं, ओरखडा दिसला की डावीकडच्या डब्यात टाकायचं आणि म्हणायचं, "बाद." दिवसाला आठशे भिंगं. साहेबांच्या भाच्याने घासलेलं भिंग बाद, नव्या यंत्रातून निघालेलं पहिलं भिंग बाद, आणि ज्या दिवशी कारखान्याचे मालक टेबलापाशी उभे राहून कौतुकाने बघत होते त्या दिवशी तर सलग सतरा बाद. मालक पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. पुढे बाई निवृत्त झाल्या; शब्द मात्र कामावरच राहिला. भाजीवाल्याची काकडी बाद, शेजारणीची सून बाद, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेलं मलम बाद.

आणि पतंगमंडळ तर मुळातच बाद.

गावात हे मंडळ होतं ते असं: सात-आठ घरं, प्रत्येकाच्या बागेत एक लाकडी खोका. खोक्यावर नरसाळं, नरसाळ्यावर दिवा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. अंधार पडला की दिवा लावायचा आणि आपण झोपायचं. पतंग दिव्याकडे येतात, नरसाळ्यातून आत घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत मुकाट बसून राहतात. सकाळी उन्हं चढायच्या आत ट्रे उचलायचे, कोण कोण आलंय ते ओळखून वहीत लिहायचं आणि सगळ्यांना सोडून द्यायचं. उन्हाळाभर हा उद्योग. प्रत्येकाची यादी महिनाअखेर बादबाईंकडे यायची, कारण तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं. त्या बरोबर म्हणतील तेच मंडळाच्या वार्षिक पत्रिकेत छापलं जायचं. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. त्या पहिल्याच सभेत येऊन बसल्या, समोरच्याची यादी ओढून घेतली आणि त्यातली अकरा नावं खोडली. तेव्हापासून ते त्यांचंच झालं.

मंडळींबद्दल त्यांचं मत स्वच्छ होतं. चिटणीस म्हणजे टाळ्या वाजवायला जन्माला आलेला माणूस. चित्रकलेच्या बाईंना प्रत्येक पतंग 'गोड' दिसायचा. गोड ही काय जात आहे का? आणि औषधवाले. औषधवाल्यांचं नाव निघालं की बादबाई आधी चष्मा पुसायच्या.

औषधवाले दुकान उघडायच्या आधी फोन करायचे.

"बाई, सकाळी सकाळी त्रास देतोय. फोटो पाठवलाय. बघितलात?"

"बघितला. अंगठा छान आलाय."

"अंगठ्याच्या वरती बघा ना."

"वरती धुकं आहे."

"ते पंख आहेत, बाई. मला वाटतं काजळा आहे."

"तुम्हाला वाटतं. औषधं पण अशीच देता का हो? मला वाटतं ही खोकल्याची?"

औषधवाले स्वतःच तो फोटो पुन्हा बघायचे. मग, "काजळ्याची ती रेघ दिसतेय असं…"

"रेघ राखुंड्यालाही असते. काठाशी मुरडली तर काजळा. सरळ गेली तर राखुंडा. तुमची मुरडली का?"

"मुरडली असावी."

"असावी बाद," म्हणून बाई फोन ठेवायच्या.

राखुंडा हा उन्हाळ्यातला कचरा. राखेच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा, खोक्यात शंभराने सापडणारा. काजळा अगदी त्याच्यासारखाच, फक्त पंखावरची काळी रेघ काठाला पोचायच्या आत एकदा वळण घेते, डोळ्याच्या कोपऱ्यात काजळाची शेपटी काढावी तशी. गावात काजळा आजवर दोनदा दिसला होता, तेवढाच.

या उन्हाळ्यात तो बादबाईंच्या खोक्यात आला. पहिल्या दिवशी एक. दुसऱ्या दिवशी दोन. मग तीन, मग पुन्हा दोन, मग तीन. एकोणीस सकाळींत चौतीस काजळे. चिटणिसांना कळवलं तेव्हा ते फोनवरच टाळ्या वाजवायला लागले, म्हणजे फोन हातातून पडला. पत्रिकेचं मुखपृष्ठ काजळ्याला द्यायचं ठरलं. चौतीस म्हणजे नुसते वाट चुकलेले पाहुणे नव्हेत. चौतीस म्हणजे त्यांचं इथे घर आहे, पिलावळ आहे. आणि ते घर बादबाईंच्या परसात.

बाईंच्या चेहऱ्यावर यातलं काही दिसलं नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी शेजारणीच्या सुनेला बरी म्हटलं.

घरात त्या आणि त्यांची धाकटी जाऊ. दोन भावांच्या दोन बायका. भाऊ गेले, बायका राहिल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून धाकटी रफू करायची. जळलेली पँट, कुत्र्याने ओढलेली शाल, कसर लागलेले कोट. सुई इतकी बारीक की समोरच्याला वाटावं बाई हवेत बोटं नाचवतेय. भोक होतं कुठे हे गिऱ्हाइकालाच शोधावं लागायचं. बादबाईंच्या लेखी हे काम नव्हे, लपवाछपवी होती. दोष दिसला तर डब्यात टाकायचा. हिने तो झाकायचा धंदा काढलेला.

"तुझ्यासारखी माणसं होती म्हणून कारखान्यात माझ्यासारखी ठेवावी लागायची," असं त्या वर्षातून चार वेळा म्हणायच्या.

"आणि तुम्ही टाकून दिलेलं माझ्यासारख्या वापरायच्या," धाकटी दोरा तोडत म्हणायची. "माझा चष्मा त्याच डब्यातला आहे, जाऊबाई. चौदा वर्षं झाली, अजून दिसतंय."

विसाव्या सकाळी धाकटी चहा घेऊन परसात आली. एरवी ती येत नसे. पतंग म्हटलं की तिला कसर आठवायची, आणि कसर म्हणजे तिचं अर्धं गिऱ्हाईक असलं तरी धंद्यातलं भांडण धंद्यात, घरात नको. पण बाईंचा गुडघा सकाळचा आखडलेला असायचा, आणि चहा थंड झाला की तोही बाद व्हायचा.

बादबाई स्टुलावर बसून ट्रे डोळ्यापाशी धरून होत्या. भिंग डोळ्याला. खळग्यात काजळा.

"हा घ्या चहा. अरे, हा पुन्हा आला?"

"कोण पुन्हा?"

"हा. परवा पण होता ना. तुम्ही दाखवला होता मला खिडकीतून, बघ म्हणे, नशीब लागतं."

"परवा एक होता. हा दुसरा आहे. सगळे सारखेच दिसणार. तुला शंभर रुमाल दाखवले तर शंभर वेगळे सांगशील का?"

"नवे असतील तर नाही सांगणार. वापरलेले असतील तर सांगेन." धाकटी वाकली. तिचा तो बाद डब्यातला चष्मा नाकाच्या टोकावर आला. "हे बघा ना. उजव्या पंखाची कड. इथे खाप गेलीय त्रिकोणी. परवा पण हीच होती. मला लक्षात राहिली, कारण म्हटलं हे उसवलेलं नाही, फाटलेलं आहे. चोच लागलीय कुणाची तरी."

"पतंगात फाटकं-तुटकं बघायचं नसतं, धाकटे. खुणा बघायच्या असतात. रेघ. मुरड. फाटलेलं काय, कुणाचंही फाटतं."

"कुणाचंही फाटतं, पण प्रत्येकाचं वेगळं फाटतं. पन्नास वर्षांत दोन फाटकी सारखी बघितली नाहीत मी."

"आत जा. सावली पडतेय तुझी."

धाकटी गेली. बाई भिंगातून बघत राहिल्या. रेघ होती. मुरड होती. आणि उजव्या कडेला त्रिकोणी खाप होती, ती त्यांना एकोणीस दिवसांत दिसली नव्हती. म्हणजे डोळ्यांना दिसली असणार. त्यांनी बघितली नव्हती. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने ओरखड्याशिवाय काहीच बघितलं नाही, तिने पतंगांसाठी ओरखडा सोडून बघायची सवय लावून घेतली होती. मेहनतीने लावली होती, आणि तिचा गर्वही होता. नवशिके फाटलेल्या पंखालाच नवी जात समजतात म्हणून त्या हसायच्या.

चहा थंड झाला.

आता या गोष्टीची मेख अशी. सोडलेला पतंग पुन्हा त्याच दिव्याकडे यायला कमी करत नाही. त्याला अक्कल असती तर तो पहिल्यांदाच आला नसता. म्हणून मंडळाचा नियम होता: खोक्यातले पतंग निदान दोनशे पावलांवर नेऊन सोडायचे. नियम कोणी लिहिला होता? बादबाईंनी. मागच्या वर्षी याच नियमावरून त्यांनी औषधवाल्यांची अख्ख्या महिन्याची यादी खोडली होती, सगळ्या सभेसमोर. औषधवाले दुकानामागच्या अंगणात दिवा लावायचे आणि तिथेच कुंडीत पतंग सोडायचे. "तुम्ही पतंग मोजले नाहीत," बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही एकाच पतंगाची रोज हजेरी घेतलीत." लोक हसले होते. औषधवाल्यांनीही हसायचा प्रयत्न केला होता. तो बघवला नव्हता.

बाई स्वतः दर सकाळी झाकलेली टोपली घेऊन गल्लीच्या टोकाला, कालव्यापलीकडे जायच्या. पण या वर्षी गुडघा. कालव्याचे उतार चढायचे म्हणजे गुडघ्याशी भांडण. तेव्हा त्यांनी परसाच्या दुसऱ्या टोकाला कुंपणावरच्या दाट वेलीत पतंग सोडायला सुरुवात केली. वेल दाट, चिमण्यांना दिसत नाही, आणि दुसरं टोक ते दुसरं टोक. बारा पावलं. औषधवाल्यांचा तो आळस होता. बाईंचा गुडघा होता. फरक नको का करायला?

दुपारी धाकटी शालीला ताण देऊन बसली होती. बादबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्याकडे ती पांढरी शाई आहे ना? कापडावर खुणा करायची."

"आहे."

"ती नंतर जाते का?"

"धुतली की जाते. तुमचे पतंग धुणार असाल तर जाईल."

"बारीक सुई पण दे. सगळ्यात बारीक."

धाकटीने काही विचारलं नाही. विचारलं नाही याचाच बाईंना राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात तीन काजळे होते. बाईंनी तिघांना वेगवेगळ्या बाटल्यांत घालून फ्रीजमध्ये दुधाच्या भांड्याशेजारी ठेवलं. थंडीने पतंग दहा मिनिटं निपचित राहतो. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दिव्याखाली, सुईच्या टोकाने एकाच्या पंखावर एक ठिपका, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. हात कापला नाही. कारखान्यातही कापत नसे. मग रोजच्यासारखं वेलीत सोडलं.

पुढच्या सकाळी तीन काजळे आले. एक ठिपका. दोन ठिपके. तीन ठिपके.

त्याच्या पुढच्या सकाळी दोन. दोन ठिपके आणि तीन ठिपके. एक ठिपकेवाला, म्हणजे तो खापवाला, आला नाही. बाईंना क्षणभर आशा वाटली की आता एखादा कोरा येईल. चौथ्या सकाळी खापवालाही हजर, तिघंच. कोरा एकही नाही.

धाकटी दारात उभी होती, हातात चहा.

"चौतीसाला तीन," ती म्हणाली. "म्हणजे अकरा-अकरा वेळा आले बिचारे. एवढं तर माझं माहेरही आलं नाही कधी."

"पूर्वी दुसरे असतील. चार असतील, पाच असतील. आता ते देवालाही सांगता येणार नाही, कारण मी बघितलं नाही." बाईंनी 'मी' हा शब्द अशा आवाजात म्हटला जसा त्या एरवी 'औषधवाले' म्हणायच्या.

"मी नाही हो कोणाला सांगणार."

"तू सांगितलंस तर ऐकणार कोण आहे? रफूवालीचं?"

धाकटीने कप ठेवला. "हो, ते पण खरंच. मग काय, सुटलात. तुम्ही नाही सांगितलंत तर कोण विचारतंय तुम्हाला? त्या मंडळात कोणाची छाती आहे?"

हेच तर होतं. कोणाची नव्हती. आणि जर बाईंनी आपणहून सांगितलं, तर मग ज्या शब्दावर त्या इतकी वर्षं उभ्या होत्या तोच पायाखालून जाणार. ज्याची स्वतःची यादी बाद, त्याने दुसऱ्याला बाद म्हणायचं कुठल्या तोंडाने? सकाळी फोन वाजणार नाही. महिनाअखेर याद्या येणार नाहीत. राहणार काय? गुडघा, जाऊ, आणि भाजीवाल्याची काकडी.

"गप्प बसता का?" धाकटीने विचारलं. "का जमत नाही?"

"तुझ्यासारखं झाकता येत असतं तर मीही सुई घेतली असती हातात."

"सुई घ्यायला डोळे लागतात, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि आत गेली. एरवी या वाक्यावर दिवसभर भांडण झालं असतं.

रविवारी सभा होती, चित्रकलेच्या बाईंच्या शाळेतल्या वर्गात. भिंतीवर मुलांनी काढलेले पतंग: सहा पायांचे, आठ पायांचे, एकाला तर बूट. बादबाईंनी बूटवाल्याकडे पाठ करून खुर्ची घेतली. पंखा गरम हवा ढवळत होता. चिटणिसांनी टेबलावर चहा-बिस्किटं मांडली आणि उभे राहिले.

"मंडळी, यंदा आपल्या मंडळाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी घटना घडली आहे. चौतीस काजळे." टाळ्या. स्वतःच्याच. मग इतरांच्याही.

"किती गोड," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

बादबाईंनी वही पिशवीतून काढली. "वही फिरवा," त्या म्हणाल्या. "तपासून घ्या."

"तुमची वही काय तपासायची?" चिटणीस हसले. "गंगेला स्नान घालण्यातला प्रकार."

"फिरवा."

वही फिरली. आणि वहीत सगळं होतं. तारीख, वारा, ढग, पतंगाचं नाव, संख्या, आणि शेवटच्या रकान्यात 'सोडले कुठे'. त्या रकान्यात, बाईंच्या टाचणीसारख्या अक्षरात, त्या एकोणीसही सकाळींसमोर लिहिलं होतं: कुंपणाची वेल. कुंपणाची वेल. कुंपणाची वेल. खोटं लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं. चोराने खिशात चोरीची पावती ठेवावी तसं ते तिथे बसलं होतं.

चिटणिसांनी वही हातावर तोलली आणि "वा" म्हणाले. वजनाला बहुधा. चित्रकलेच्या बाईंनी पान उघडलं. "अक्षर किती सुबक हो तुमचं." आणखी दोघांनी पानं वाऱ्यासाठी हलवल्यासारखी हलवली. एकाने बिस्किटाचा तुकडा वहीत पाडला. बादबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. ही माणसं. यांच्या हातात सत्य आणून दिलं, उघडून दिलं, तर हे त्याने वारा घेतात.

वही औषधवाल्यांकडे आली. त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. पान उलटलं. मग पुन्हा मागे उलटलं. बोट शेवटच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा वर गेलं. त्यांनी मान वर केली. बाईंची आणि त्यांची नजर एक झाली.

औषधवाल्यांनी वही मिटली. "छान आहे," ते म्हणाले. "नेहमीसारखी."

"तुम्ही बघितलंत," बादबाई म्हणाल्या.

"काय, बाई?"

"मला विचारू नका काय. बोट कुठे थांबलं तुमचं?"

औषधवाल्यांच्या कपाळावर घाम आला. तो पंख्यालाही पुसता आला नाही.

"'सोडले कुठे'मध्ये," ते म्हणाले. "पण म्हटलं, तुम्ही आहात. तुमचं काही कारण असेल."

"काय कारण असेल?"

"ते… तुम्हालाच ठाऊक असणार. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

"म्हणजे पतंग बघून नाही, माझं तोंड बघून पास केलंत. मागच्या वर्षी पतंग असेच जवळ सोडलेत म्हणून मी तुमचा अख्खा महिना खोडला. वर्षभर त्याचा सल धरून बसला असाल. आज संधी आली, तर 'छान आहे'?" बाई उभ्या राहिल्या, गुडघा कटकन वाजला. "बारा पावलं. बारा पावलांवर सोडत होते मी. तेच तीन रोज येत होते आणि मी तेच तीन रोज लिहीत होते. ठिपके देऊन बघितलं. चौतीस नाहीत, खात्रीचे तीन आहेत. चौतीस बाद."

मग चिटणीस खाकरले.

"बाई, तुमचा प्रामाणिकपणा… पण मुखपृष्ठ छापायला गेलंय. वर मोठ्या आकड्यात चौतीस आहे. आता एवढं कोण बघतं? आपण सातजण. जाऊ द्या ना."

"जाऊ द्या," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "तीन काय, चौतीस काय. दिसला हे महत्त्वाचं."

बादबाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, उजेडासमोर धरून बघावं तसं. चूक त्यांनी केली होती, आणि ती चूक यांना आवडली होती. यांना ती ठेवायची होती, मखरात बसवायची होती. याच्यापुढे स्वतःचा गाढवपणा त्यांना जवळजवळ सभ्य वाटला.

"आकडा बदलला नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "तर छापलेल्या प्रत्येक प्रतीवर मी स्वतः येऊन काट मारीन. घरोघरी येईन. मला वेळ आहे. आणि यापुढे तपासणी मी करणार नाही. ज्याचा माल बाद, त्याने टेबलाशी बसायचं नाही, हा कारखान्याचा नियम आहे." त्यांनी औषधवाल्यांकडे बोट केलं. "हे करतील."

"मी?" औषधवाल्यांचा चष्मा घसरला. "मला कुठे…"

"डोळा आहे तुम्हाला. या खोलीत एकट्यालाच. कणा नाही. कणा नसताना डोळा म्हणजे अंधाऱ्या खोलीतलं भिंग, पण ते तुमचं तुम्ही बघा."

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "काय झालं?"

"सांगितलं."

"आणि?"

"त्यांना चौतीसच हवे होते."

धाकटी सुईत दोरा ओवता ओवता थांबली. "मी झाकते ते निदान गिऱ्हाइकाला माहीत तरी असतं," ती म्हणाली. त्यावर बादबाई काही बोलल्या नाहीत, आणि धाकटीने ते न बोलणं नीट घडी घालून ठेवून दिलं.

फोन बंद झाला. सकाळी कोणी अंगठ्याचे फोटो पाठवेनासं झालं. बाई मात्र रोज साडेपाचला ट्रे उचलायच्या, झाकलेली टोपली घ्यायच्या आणि कालव्यापलीकडे जायच्या, दर वीस पावलांवर थांबत, गुडघ्याला शिव्या देत. काजळे आता क्वचित यायचे. मग एक दिवस येईनासे झाले. पतंगाचं आयुष्य असतं किती? महिना संपला. सगळ्यांसारखी बाईंनीही आपली यादी औषधवाल्यांकडे पाठवली. तेवीस नावं.

कारखान्यात एक रीत होती, ती फक्त तपासणीतल्या जुन्या बायकांना माहीत असायची. नवी मुलगी टेबलाशी बसवली, की तिच्या ढिगात मुद्दाम बाद माल मिसळायचा. ओरखडा असलेलं एक भिंग, आणि आत बुडबुडा असलेलं एक, जे सहजी दिसत नाही. तिने पकडलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती डबे पुसायला. बाईंनी तेवीस नावांत दोन खोटी घातली होती.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला.

"बाई," औषधवाले म्हणाले. मागे दुकानात कोणीतरी खोकत होतं. "तुमची यादी बघितली."

"बरं."

"बरीच वेळा बघितली." खोकणाऱ्याला त्यांनी थांबायला सांगितलं. "त्यात… सातवं नाव."

"सातव्याचं काय?"

"ते बाद आहे, बाई."

बादबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. "का?"

"तो थंडीतला पतंग आहे. आत्ता या दिवसांत तो मातीखाली कोशात असतो. तुमच्या खोक्यात कसा येईल?" आवाज कापत होता, पण मागे सरकत नव्हता. "गैरसमज झाला असेल तुमचा. पण मी खोडलंय."

"पेनाने की पेन्सिलीने?"

"पेनाने."

"हं. आणखी काय काय खोडलंत?"

"आणखी काही नाही. बाकी सगळं बरोबर आहे."

"बाकी सगळं बरोबर," बाई म्हणाल्या. "दोनातला एक. कारखान्यात असतात तर उद्यापासून डबे पुसायला बसवलं असतं तुम्हाला."

पलीकडे यादीचा कागद फडफडला. "म्हणजे? तुम्ही मुद्दाम…?"

"गिऱ्हाईक उभं आहे ना समोर? त्याला आधी औषध द्या, नीट वाचून द्या. मग दुसरा शोधा."

फोन ठेवून त्या तिथेच खुर्चीवर बसल्या. दुपार तापली होती. एरवी या वेळेला त्या आतल्या खोलीत आडव्या झालेल्या असायच्या. धाकटीने दारातून डोकावून बघितलं.

"पडा की जरा. गुडघा सुजलाय."

"पडते," बादबाई म्हणाल्या. "त्या ठोंब्याला सापडू दे आधी."